पगार निजामाचा, सिंह रसेलचा

कुमाऊं रेजिमेंटच्या जवानाच्या टोपीवरचा बिल्ला हातात घेऊन पाहिला, तर त्यावर अर्धाच सिंह दिसतो. कमरेपासून वरचा देह, उभारलेली आयाळ आणि पुढच्या पंजांत धरलेला क्रूस. सिंहाला मागचे पाय नाहीत. रेजिमेंटचं केंद्र राणीखेतला, भरती कुमाऊंच्या डोंगरांतून आणि हरियाणाच्या अहीरवालातून, युद्धघोष कालिकामातेचा. मग हा क्रूसधारी सिंह आला कुठून? त्याचा माग काढत गेलं की वाट हिमालयाकडे जात नाही, दख्खनकडे वळते. हिंगोली, जालना, औरंगाबाद, एलिचपूर, बोलारम, लिंगसुगूर अशा छावण्यांतून ती हैदराबादच्या रेसिडेन्सीत पोहोचते. आजचे कलबुर्गी आणि बीदर जिल्हे, मराठवाडा आणि वऱ्हाड ज्या संस्थानात होते, त्या संस्थानाच्या पैशावर ही पलटण उभी राहिली. कडगंचीच्या या स्मरणिकेत तिचा इतिहास यावा, याचं कारण एवढंच की तो आपल्याच मुलखाचा इतिहास आहे आणि आपल्याकडे तो फारसा कुणी सांगत नाही.

फ्रेंच गुंड्या

अठराव्या शतकाच्या शेवटी निजामाची सगळ्यांत कवायती फौज फ्रेंच सेनानी रेमंडच्या हाताखाली होती. दहा हजारांहून जास्त शिपाई, स्वतःच्या तोफा आणि स्वतःचा दारूगोळा. हे शिपाई फ्रेंच प्रजासत्ताकाचं निशाण घेऊन चालत आणि त्यांच्या गणवेशाच्या गुंड्यांवर स्वातंत्र्याची टोपी कोरलेली असे. पॅरिसमध्ये राजाचं डोकं उडवणाऱ्या क्रांतीची ही खूण हैदराबादेत निजामाचा पगार खाणाऱ्या माणसाच्या छातीवर होती. इंग्रजांना ती गुंडी चांगलीच टोचत होती. १७९८ मध्ये रेमंड वारला. त्याच वर्षी निजामाने ईस्ट इंडिया कंपनीची तैनाती फौज पत्करली आणि ऑक्टोबरमध्ये फ्रेंच पलटणींची हत्यारं काढून घेण्यात आली.

पुढच्या सव्वाशे वर्षांत या मुलखात जे घडत राहिलं, त्याची ही पहिली खेप. पगार निजामाचा, पण शिपायाच्या अंगावरची खूण कवायत शिकवणाऱ्याची. गुंड्या बदलल्या तरी हा रिवाज बदलला नाही.

फ्रेंच गेले तरी दख्खनमध्ये कवायती पलटणी होत्याच. वऱ्हाडात एलिचपूरचा नवाब सलाबतखान याची फौज होती. कुमाऊं रेजिमेंट आपली वंशावळ १७८८ पर्यंत मागे नेते, ती या एलिचपूरच्या फौजेच्या आधारावर. आजच्या चौथ्या कुमाऊं पलटणीचं मूळ तिथे आहे. म्हणजे रेजिमेंटचा सर्वांत जुना धागा अचलपूरचा, अमरावती जिल्ह्यातला.

रसेल ब्रिगेड

१८११ ते १८२० या काळात हेन्री रसेल हा हैदराबादचा रेसिडेंट, म्हणजे निजामाच्या दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी होता. त्याचे वडील बंगालचे सरन्यायाधीश. त्यांना १८१२ मध्ये बॅरोनेट हा किताब मिळाला आणि १८३६ मध्ये तो मुलाकडे आला. १८०३ च्या मराठा युद्धात निजामाच्या फौजेची कामगिरी इंग्रजांना पसंत पडली नव्हती. कंपनीच्या धर्तीवर शिकवलेली, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमातली आणि तरीही निजामाच्या खर्चाची फौज त्यांना हवी होती. १८१३ मध्ये रसेलने हैदराबादेत दोन पलटणी उभ्या केल्या. कवायत, कपडे आणि हत्यारं कंपनीच्या शिपायासारखी. नाव पडलं रसेल ब्रिगेड.

नाव रेसिडेंटचं आणि पुढे बिल्लाही त्याच्याच घराण्याचा. इंग्लंडमधल्या खानदानी घराण्यांच्या ढालचिन्हात ढालीच्या वर शिरस्त्राण असतं आणि शिरस्त्राणावर तुरा. तुऱ्यात बऱ्याचदा प्राण्याचा वरचा अर्धा भागच दाखवतात. आपल्या बिल्ल्यावरचा सिंह अर्धा आहे तो यामुळेच. रसेल घराण्याच्या शिरस्त्राणावरून तो पलटणीच्या टोपीवर उतरला.

पगाराची व्यवस्था मात्र हैदराबादच्या पेशकाराकडे, म्हणजे कारभार चालवणाऱ्या चंदूलालकडे होती. खजिना रिकामा. तेव्हा विल्यम पामर आणि कंपनी या सावकारी पेढीने भरमसाट व्याजाने पैसे पुरवायचे आणि परगण्यांचा वसूल तिच्याकडे गहाण टाकायचा, अशी सोय झाली. रसेलनंतर आलेल्या चार्ल्स मेटकाफने हा व्यवहार उघडा पाडला आणि १८२४ मध्ये पेढी बुडाली. काहीही लागलं तरी बिचारा निजाम भरेलच, अशी थट्टा त्या काळी हैदराबादच्या इंग्रजांत चाले. खरं तर भरत होता रयत नावाचा माणूस. वसुलाचा तगादा पाटील-कुळकर्ण्यांपर्यंत आणि तिथून शेतकऱ्याच्या ज्वारीच्या राशीपर्यंत येत होता.

महिदपूर आणि नोव्हा

पलटणीचं निशाण म्हणजे नुसतं कापड नसतं. रेजिमेंटने गाजवलेल्या लढायांची नावं त्यावर रेशमाने विणलेली असतात. त्यांना रणसन्मान म्हणतात. रसेल ब्रिगेड आणि निजामाच्या इतर पलटणींनी मिळवलेले सुरुवातीचे सन्मान मराठी वाचकाला गिळायला जड जातील असे आहेत.

पहिला महिदपूरचा. २१ डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्रेच्या काठी होळकरांच्या फौजेचा पराभव झाला. पुढच्याच महिन्यात मंदसोरचा तह झाला आणि होळकरांचं स्वतंत्र राज्य संपलं. इंग्रजांच्या बाजूने त्या दिवशी रसेल ब्रिगेडही लढली.

दुसरा नोव्हा इथला. हा तर थेट मराठवाड्यातला. नांदेड-उमरखेड पट्ट्यात हटकर समाजाच्या नोवसाजी नाईकाने निजामाची आणि पर्यायाने कंपनीची सत्ता झुगारली होती. जानेवारी १८१९ मध्ये मेजर पिटमनच्या हाताखाली निजामाच्या पलटणींनी नोव्हाच्या गढीला वेढा घातला, सुरुंग लावले आणि महिनाअखेर ती सर केली. गढीतल्या माणसांनी शेवटपर्यंत झुंज दिली. या गढीचं नाव दूर इंग्लंडमध्ये मंजूर होऊन पलटणीच्या निशाणावर चढलं.

तिसरा सन्मान ‘सेंट्रल इंडिया’. १८५८ मध्ये इंग्रज सेनानी ह्यू रोज झाशी, काल्पी आणि ग्वाल्हेरवर चालून गेला तेव्हा हैदराबादची पायदळं आणि घोडदळं त्याच्या सोबत होती. १८५७ च्या जूनमध्ये औरंगाबादला याच फौजेच्या घोडदळात बंडाची ठिणगी पडली होती आणि ती तातडीने विझवण्यात आली होती. एकाच फौजेच्या इतिहासात दोन्ही बाजू अशा शेजारी-शेजारी आहेत. निशाणावर मात्र एकच बाजू विणली गेली.

स्वातंत्र्यानंतर भारतीय लष्कराने यावर स्पष्ट धोरण ठरवलं. आपल्याच देशातल्या माणसांवर मिळवलेले जुने विजय निशाणावर मिरवायचे नाहीत आणि त्यांचे दिवसही पाळायचे नाहीत. महिदपूर आणि नोव्हा त्यामुळे आज इतिहासाच्या ग्रंथांत आहेत, निशाणावर नाहीत.

छावण्या, करार आणि एक लेखक

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत निजामाच्या या फौजेचं कर्ज इतकं वाढलं की गव्हर्नर जनरल डलहौसीने हिशेब मिटवायला मुलूखच मागितला. २१ मे १८५३ च्या तहाने हैदराबाद कंटिंजंट हे नाव पक्कं झालं. किमान ५,००० पायदळ, २,००० घोडदळ आणि चार तोफखाने. त्यांच्या खर्चासाठी वऱ्हाड, नळदुर्ग-धाराशिवचा भाग आणि रायचूर दोआब इंग्रजांच्या कारभारात गेले. १८६० मध्ये नळदुर्ग आणि रायचूर दोआब निजामाला परत मिळाले, सुरपूरही त्याच्या पदरात पडलं. वऱ्हाड मात्र परत आलं नाही. ५ नोव्हेंबर १९०२ च्या करारात व्हाइसरॉय कर्झनने ते वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने घेतलं.

कडगंचीच्या आळंद तालुक्याला लागूनच नळदुर्गचा मुलूख. १८५३ मध्ये तिथला कारभार पाहायला आलेला अधिकारी होता फिलिप मेडोज टेलर. हा १८२४ मध्ये निजामाच्या फौजेत दाखल झाला होता, म्हणजे याच पलटणींच्या कुळातला माणूस. त्याआधी तो सुरपूरच्या बालराजाचा पालक-कारभारी होता. ठगांवरच्या कादंबरीमुळे जगाला माहीत झालेल्या टेलरच्या आत्मकथेत आपला हा टापू, इथली तळी, रस्ते, दुष्काळ आणि छावण्यांचं जगणं तपशिलाने आलं आहे. कंटिंजंटच्या अधिकाऱ्यांत इतक्या आपुलकीने या मातीवर लिहिणारा दुसरा सापडत नाही.

नंबरांचा काळ

१९०३ मध्ये सरसेनापती किचनेरने सगळ्या हिंदी लष्कराची फेरमांडणी केली. कंटिंजंटचं वेगळं अस्तित्व संपलं आणि तिच्या सहा पायदळ पलटणींना सलग क्रमांक मिळाले. ९४ आणि ९५ रसेल्स इन्फन्ट्री, ९६ बेरार इन्फन्ट्री, ९७ डेक्कन इन्फन्ट्री, ९८ इन्फन्ट्री आणि ९९ डेक्कन इन्फन्ट्री. या यादीत आपला मुलूख दोन नावांनी दिसतो, वऱ्हाड आणि दख्खन. निजामाचं नाव कुठेच नाही.

पहिल्या महायुद्धात यांतल्या काही पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. ९८ इन्फन्ट्रीच्या वाट्याला पूर्व आफ्रिकेतलं टांगा आलं. ४ नोव्हेंबर १९१४ च्या त्या लढाईत गोळीबाराने बिथरलेल्या रानमधमाश्यांची मोहोळं उठली आणि त्यांनी या पलटणीला अक्षरशः पिटाळलं. या लढाईला पुढे मधमाश्यांची लढाई असंच नाव पडलं. विजयांच्या बिल्ल्यांत अशा गोष्टींना जागा नसते, पण पलटणीच्या आठवणींत असते.

१९२२ मध्ये सगळ्या पलटणी मोठ्या रेजिमेंटांमध्ये बांधल्या गेल्या आणि या सहा मिळून १९ हैदराबाद रेजिमेंट झाली. ९४ रसेल्स ही पहिली पलटण, ९६ बेरार दुसरी, ९८ चौथी आणि ९५ ही प्रशिक्षणाची दहावी. तिसरी आणि पाचवी फार काळ टिकल्या नाहीत. १९१७ मध्ये राणीखेतला उभी राहिलेली कुमाऊं रायफल्स १९२३ मध्ये या कुटुंबात आली. तिच्याबरोबर दुसराच रिवाज आला. रायफल पलटणी रेशमी निशाण बाळगत नाहीत, त्यांची बटणं आणि बिल्ले चकाकत्या पितळेऐवजी काळे असतात. शत्रूपासून लपून नेम धरणाऱ्याला चमक नकोच असते. एका रेजिमेंटच्या छत्राखाली त्यामुळे पितळी आणि काळी अशा दोन परंपरा नांदू लागल्या आणि आजची तिसरी (रायफल्स) पलटण ती काळी खूण अजून जपते.

रेजिमेंटची ओळख सांगायला बिल्ला एकटा नसतो. गळपट्टीवरच्या जोडखुणा, कमरपट्ट्याचं बक्कल, बटणं आणि खांद्यावरची धातूची अक्षरं अशी सगळी मिळून ती ओळख होते. पगडी बांधणाऱ्या शिपायाच्या बाबतीत बहुधा खांद्यावरची अक्षरंच बोलत, टोपीचा बिल्ला अधिकाऱ्यांकडे असे. पुढे बेरेट टोपी आली तेव्हा साध्या जवानाच्या कपाळावरही तोच सिंह आला. एका रेसिडेंटचं घराणं शंभराहून जास्त वर्षांनी अशा रीतीने गावोगावच्या शेतकऱ्यांच्या मुलांच्या डोक्यावर बसलं.

हैदराबाद गेलं, कुमाऊं आलं

या काळात भरती मात्र दख्खनपासून दूर सरकत गेली. कुमाऊंनी, जाट आणि अहीर जवानांचं प्रमाण वाढलं, दख्खनी मुसलमानांचं घटलं. नाव हैदराबाद आणि जवान अल्मोड्याचा, असा प्रकार झाला. २७ ऑक्टोबर १९४५ रोजी रेजिमेंटचं नाव १९ कुमाऊं रेजिमेंट असं बदललं आणि स्वातंत्र्यानंतर क्रमांकही गळाला. १९४८ मध्ये केंद्र आग्र्याहून राणीखेतला हललं. नाव गेलं, गाव गेलं, जवान बदलले. सिंह राहिला.

तोवर हैदराबाद संस्थानाचाच शेवट जवळ आला होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गच्या वाटेने शिरल्या, म्हणजे आपल्या दारावरून. १८ तारखेला निजामाच्या संस्थानी फौजेने मेजर जनरल चौधरींपुढे शरणागती पत्करली. ती संस्थानी फौज निराळी आणि कंटिंजंटची परंपरा निराळी, हे इथे ध्यानात ठेवायला हवं. निजामाच्या पैशावर वाढलेल्या जुन्या पलटणी तेव्हा केव्हाच भारतीय सेनेच्या पलटणी झाल्या होत्या. दहाएक महिने आधी, ३ नोव्हेंबर १९४७ रोजी, काश्मीरमधल्या बडगामला चौथ्या कुमाऊंचे मेजर सोमनाथ शर्मा धारातीर्थी पडले होते. देशाचं पहिलं परमवीरचक्र त्यांचं. एलिचपूरच्या नवाबाच्या फौजेचा धागा ज्या पलटणीला लागतो, त्याच पलटणीचं.

दख्खनचा माणूस या रेजिमेंटमधून पुसला गेला असंही नाही. १९०३ मध्ये कोल्हापुरात जन्मलेले सत्यवंत मल्लण्णा श्रीनागेश याच रेजिमेंटचे अधिकारी. त्यांचे वडील निजाम महबूब अली खानाचे वैद्य होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सहाव्या पलटणीचं नेतृत्व केलं आणि १९५५ मध्ये ते भारताचे सेनाप्रमुख झाले. त्यांच्यानंतर ते पद सांभाळणारे कोडगूचे के. एस. थिमय्या हेही १९ हैदराबादचेच.

२६ जानेवारी १९५० ला देश प्रजासत्ताक झाला आणि लष्कराच्या अंगावरचे मुकुट उतरले. मेजरच्या खांद्यावर मुकुटाऐवजी अशोकस्तंभाचे सिंह आले. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला डेहराडूनच्या लष्करी प्रबोधिनीत राजाच्या नावाची जुनी निशाणं समारंभाने ठेवून देण्यात आली. राजाचा मुकुट गेला, रेसिडेंटच्या घराण्याचा सिंह मात्र राहिला. कारण मुकुट सत्तेची खूण होता आणि तोवर सिंह जवानांची खूण झाला होता.

आजचा सिंह

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखच्या रेझांग ला खिंडीत मेजर शैतान सिंग यांच्या हाताखाली तेराव्या कुमाऊंची चार्ली कंपनी शेवटच्या गोळीपर्यंत लढली. कंपनीचे ११४ जवान तिथे कामी आले. तेरावी पलटण उभी राहिली ती १९४८ मध्ये, रसेलला हैदराबाद सोडून सव्वाशेहून जास्त वर्षं झाल्यावर. तिच्या जवानांना इंग्लंडमधल्या स्वॉलोफील्डच्या रसेल घराण्याशी काही देणंघेणं नव्हतं. सिंह मात्र त्यांच्याच टोपीवर होता. उलट रसेलच्या पहिल्या पलटणीची, ९४ ची, थेट वारसदार असलेली पहिली कुमाऊं १९५२ मध्ये हवाई छत्रीधारी दलात गेली आणि तिसरी पॅरा झाली. रसेलच्या खऱ्या वंशजांनी सिंह उतरवून छत्रीचे पंख लावले आणि ज्यांचा रसेलशी संबंध नाही ते सिंह वागवत आहेत. कंटिंजंटच्या घोडदळाचं उलटं झालं. त्यांनी दख्खनचं नाव सोडलं नाही, ते आजही डेक्कन हॉर्स आहेत.

शेजारच्या बेळगावी मराठा लाइट इन्फन्ट्रीकडे पाहिलं तर हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने कळते. तिच्या बिल्ल्यावरचा बिगूल ही सगळ्या युरोपातल्या हलक्या पायदळाची खूण. तो इंग्रजांनीच दिला. १७६८ पासूनची जंगी पलटण त्या रेजिमेंटचा ज्येष्ठ भाग. त्या बिगुलामागे मराठा जवानाने शिवछत्रपतींचा जयघोष उभा केला आणि आज तो बिगूल परका वाटत नाही. नौदलाने तर २ सप्टेंबर २०२२ ला ध्वजावरचा सेंट जॉर्जचा क्रूस काढून शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकट स्वीकारली. त्याच सुमारास लष्करातल्या वसाहतकालीन नावा-खुणांचा फेरविचार होणार अशा बातम्या आल्या आणि कुमाऊंच्या क्रूसधारी सिंहाकडेही लोकांचं लक्ष गेलं.

सिंह ठेवायचा की बदलायचा, हे ज्यांनी त्याखाली रक्त सांडलं त्यांनी ठरवावं. बडगाम आणि रेझांग ला यांनी तो बिल्ला रसेलकडून कधीच हिसकावून घेतला आहे. आपल्या बाजूने मात्र एक काम बाकी आहे. या पलटणीचा खर्च कोणत्या परगण्यांच्या वसुलातून निघाला, तिच्या छावण्यांनी हिंगोली-जालन्याच्या पेठा कशा वाढवल्या, कुठल्या गावांतली माणसं तिच्यात होती आणि नोव्हाच्या गढीत कोण मेलं, याची नोंद राणीखेतला कुणी करणार नाही. ती मराठवाड्यात, वऱ्हाडात आणि कलबुर्गी-बीदरमध्येच व्हायला हवी. कडगंचीत २००९ मध्ये स्थापन झालेलं केंद्रीय विद्यापीठ आहे, तिथे इतिहास शिकणारी कन्नड, मराठी आणि उर्दू या तिन्ही भाषांच्या घरांतली मुलं आहेत. जुनं महसुली दफ्तर वाचायला या तिन्ही भाषा लागतात. बिल्ल्याचा इतिहास रेजिमेंटने लिहिला, त्या बिल्ल्याच्या खर्चाचा इतिहास या मुलांनी लिहावा.